दोन पायांतील बलभेद आणि थकवा : सायकल-शर्यत व स्टीपलचेस यांच्या आधारे विवेचन

१. प्रश्नाचे स्वरूप

निरोगी मनुष्याचे दोन्ही पाय बलाने सारखे असतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्ष मोजमाप केले असता ती क्वचितच खरी ठरते. चेंडू मारणारा पाय आणि त्या वेळी शरीराचा तोल सांभाळणारा पाय यांच्यात कामाची वाटणी बालपणापासूनच झालेली असते. पुढे सवय, व्यवसाय, जुनी दुखापत आणि खेळ यांमुळे ती अधिक दृढ होते. शर्यतीच्या खेळात मात्र या भेदाकडे पाहण्याच्या दोन टोकांच्या दृष्टी आढळतात. काही प्रशिक्षक भेद दिसताच तो दोष मानून त्याच्या निवारणामागे लागतात. तर काही जण, जोवर खेळाडू जिंकत आहे तोवर त्याची दखलही घेत नाहीत. या दोन्ही भूमिकांत एक गृहीत समान आहे. ते असे की, बलभेद हा उंचीसारखा शरीराचा स्थिर धर्म असून तो एकदा मोजला म्हणजे पुरे.

प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी केली आहे. त्यासाठी आरंभीच दोन संज्ञा वेगळ्या करणे अवश्य आहे. विश्रांत अवस्थेत प्रत्येक पाय स्वतंत्रपणे जास्तीत जास्त किती बल लावू शकतो, यांतील अंतरास ‘बलभेद’ म्हणावे. आणि शर्यत चालू असता एकूण कामापैकी प्रत्येक पाय किती वाटा उचलतो, यांतील अंतरास ‘कार्यभेद’ म्हणावे. बलभेद असूनही कार्यभेद नसेल, किंवा बल समान असूनही काम विषम वाटले जाईल, हे दोन्ही संभवते. या दोहोंमधील दुवा म्हणजे थकवा होय. थकवा म्हणजे केवळ शिणल्याची भावना नव्हे. श्रम चालू असता स्नायूची बल निर्माण करण्याची क्षमता उत्तरोत्तर घटत जाणे, हा त्याचा शास्त्रीय अर्थ आहे.

२. सायकल : भेद झाकणारे यंत्र

सायकलीची रचना या प्रश्नाच्या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. दोन्ही क्रँक एकाच आसावर परस्परांशी १८० अंशांचा कोन करून बसविलेल्या असतात. एक पाय खाली दाबत असता दुसरा वर येत असतो. चाकाला मिळणारी गती मुख्यतः खाली दाबणाऱ्या पायापासून मिळते, आणि क्रँक जमिनीस समांतर होते त्या सुमारास हा जोर सर्वाधिक असतो. वर येणारा पाय आपले वजन पूर्णपणे स्वतः उचलतो, असे बहुधा घडत नाही. त्याचा काही भार पायडलावर राहतो आणि तो उचलण्याचे काम समोरच्या पायावर पडते. म्हणजे समान बलाच्या दोन पायांतही प्रत्येक फेरीत एक पाय दुसऱ्याचे ओझे वाहत असतो.

याचा परिणाम असा की, एका पायाचे काम कमी पडले तर सायकल लंगडत नाही. दुसरा पाय ती उणीव भरून काढतो, चाक फिरत राहते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मिनिटाला ९० फेऱ्या या गतीने दोन तास सायकल चालविणारा स्वार प्रत्येक पायाने १०,८०० वेळा पायडल दाबतो. प्रत्येक फेरीतील अंतर अल्प असले तरी इतक्या पुनरावृत्तीनंतर त्याची बेरीज लहान राहत नाही. बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना बालाघाटाचा चढ लागतो. अशा चढावर फेऱ्यांची गती मंदावते आणि प्रत्येक दाबासाठी लागणारे बल वाढते. सपाटीवर झाकून राहिलेला भेद अशा ठिकाणी दुबळ्या पायाच्या मांडीत प्रथम जाणवतो. स्वार ‘पाय भरून आले’ असे म्हणतो; वस्तुतः पुष्कळदा दोहोंपैकी एकच पाय आधी भरून आलेला असतो.

३. मोजमापातील अडचणी

सायकल चालविताना प्रत्येक पायाचे काम स्वतंत्रपणे मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. डॅली आणि कॅव्हानॉ यांनी १९७६ मध्ये स्थिर सायकलीवर केलेल्या अभ्यासात दोन निष्कर्ष हाती आले : एक, पायांमधील कार्यभेदाचा ‘उजवा’ किंवा ‘डावा’ पाय प्रमुख असण्याशी ठाम संबंध दिसला नाही, आणि दुसरा, एकाच व्यक्तीचा कार्यभेद दिवसागणिक बदलत होता. स्मॅक, नेपच्यून आणि हल यांच्या १९९९ च्या अभ्यासात फेऱ्यांची गती बदलली की भेदही बदलतो, आणि तोही प्रत्येक स्वाराच्या बाबतीत निराळ्या रीतीने, असे आढळले. कार्पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ४० किलोमीटरच्या शर्यतीचे प्रयोगशाळेत अनुकरण केले, तेव्हा अखेरच्या टप्प्यात श्रमाची तीव्रता वाढली असता भेद कमी झाल्याचे दिसले. या अभ्यासांतील व्यक्तींची संख्या थोडी असल्याने कोणत्याही एका आकड्यावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे. परंतु सर्वांचा रोख एकच आहे. कार्यभेद ही एकदा नोंदवून ठेवण्याची बाब नसून गती, तीव्रता आणि काळ यांनुसार पालटणारी राशी आहे.

याच ठिकाणी उपकरणांविषयी एक सूचना करणे आवश्यक आहे. सायकलीवरील शक्तिमापकांपैकी काही स्वस्त प्रकार केवळ डाव्या क्रँकवरील शक्ती मोजतात आणि तिची दुप्पट करून एकूण शक्ती म्हणून दाखवितात. समजा, स्वाराची खरी शक्ती २४० वॅट असून त्यांपैकी डाव्या पायाचा वाटा ११५ आणि उजव्याचा १२५ वॅट आहे. उपकरण २३० वॅट दाखवील. तासाभराने थकवा येऊन डाव्या पायाचा वाटा १०५ वॅटवर आला आणि उजवा १२५ वरच राहिला, तर खरी शक्ती २३० होईल. परंतु उपकरण २१० दाखवील. म्हणजे प्रत्यक्षात १० वॅटची घट झाली असता नोंदीत २० वॅटची घट दिसेल. ज्या स्वारात भेद नाही असे गृहीत धरून हे उपकरण बनविले आहे, नेमक्या त्याच गृहीताची परीक्षा त्या उपकरणाने करता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

४. थकवा आणि दुसरा पाय

दुबळा पाय आधी थकतो, एवढे म्हणून विषय संपत नाही. त्या थकव्याचे दुसऱ्या पायावर काय परिणाम होतात, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

थकव्याचे स्थान कोठे, हा वाद शरीरक्रियाशास्त्रात शतकाहून जुना आहे. इटालियन शास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बोटाचे श्रम नोंदविणारे यंत्र तयार करून थकव्याचे आलेख काढले आणि त्यात मेंदूचाही वाटा असल्याचे प्रतिपादिले. इंग्लंडमधील मर्टन यांनी १९५४ मध्ये अंगठ्याच्या स्नायूवर प्रयोग केले. पूर्ण थकलेल्या त्या स्नायूस बाहेरून विद्युत्-उत्तेजन दिले तरी गेलेले बल परत येत नाही, असे त्यांना दिसले. यावरून थकवा स्नायूतच असतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील संशोधनाने दोन्ही मतांना आपापल्या मर्यादेत मान्यता दिली आहे. थकव्याचा एक भाग स्नायूत असतो, तर दुसरा मज्जासंस्थेच्या आज्ञेत. आणि त्यांचे प्रमाण श्रमाच्या प्रकारावर अवलंबून असते.

एका पायाच्या थकव्याचा दुसऱ्यावर होणारा परिणाम २०१३ मधील दोन अभ्यासांवरून स्पष्ट होतो. एल्मर व सहकारी यांनी तयारीच्या सायकलपटूंना एकाच पायाने थकेपर्यंत सायकल चालविण्यास लावले. त्या पायाची कमाल शक्ती लक्षणीय घटली; दुसऱ्या पायाची मात्र घटली नाही. अमान व सहकारी यांनी त्याच वर्षी एका पायाने गुडघा ताठ करण्याचे श्रम थकेपर्यंत करविले व लगेच दुसऱ्या पायाने तेच श्रम सुरू करविले. दुसरा पाय ताजा असता जितका काळ टिकला असता, त्याच्या सुमारे निम्माच काळ तो टिकला. वरवर पाहता हे निष्कर्ष परस्परविरोधी भासतात, पण तसे नाही. क्षणभराची कमाल शक्ती आणि दीर्घकाळ टिकण्याची क्षमता या दोन निराळ्या गोष्टी होत. थकलेल्या पायाकडून मज्जासंस्थेकडे जाणाऱ्या संवेदनांमुळे दुसऱ्या पायाची सहनशक्ती आखडते. एका झटक्याची शक्ती मात्र शाबूत राहते.

यावरून सायकल-शर्यतीविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. दुबळ्या पायाचा थकवा ही केवळ त्या पायाची बाब राहत नाही. बलवान पाय अधिक काम उचलून त्याची उणीव भरून काढतो खरा. परंतु त्याला दुहेरी किंमत द्यावी लागते. त्याचे स्वतःचे काम वाढते, आणि शेजारच्या थकलेल्या पायामुळे त्याची टिकण्याची मर्यादाही कमी होते.

५. स्टीपलचेस : भेद उघडा करणारी शर्यत

सायकल भेद झाकते, तर काही शर्यती तो उघडा पाडतात. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ३,००० मीटर स्टीपलचेस. आणि या शर्यतीतील भारताचे अग्रगण्य नाव बीड जिल्ह्यातील आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा येथील श्री. अविनाश साबळे हे भारतीय लष्कराच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यानंतर धावण्याकडे वळले. गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम त्यांनी २०१८ मध्ये मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्य आणि २०२३ च्या हांगझो आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ नोंदविली.

या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याचे अडथळे, अशा एकूण ३५ उड्या असतात. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर असते, आणि तो धक्का लागून पडत नाही. पॅरिसमधील वेळेचा हिशेब केल्यास दर किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ४३ सेकंद या गतीने धावताना सरासरी दर १४ सेकंदांस एक अडथळा पार करावा लागला, असे दिसते.

येथे दोन पायांची कामे सारखी नसतात. एक पाय जमीन रेटून उडी घेतो, दुसरा पुढे जाऊन जमिनीवर पडणारा भार झेलतो. पाण्याच्या अडथळ्यावर पुष्कळ धावपटू एक पाय आडव्या तुळईवर ठेवतात, त्याने जोर देऊन पुढे झेप घेतात आणि दुसऱ्या पायावर पाण्यात उतरतात. प्रत्येक वेळी हीच रीत ठेवली तर सातही वेळा रेटण्याचे काम एका पायाकडे आणि झेलण्याचे दुसऱ्याकडे येते. सायकलीवर एका पायाची उणीव दुसरा पाय त्याच फेरीत भरून काढू शकतो. धावणाऱ्याचा झेलणारा पाय त्या क्षणी एकटा असतो. त्याच्या मदतीला कोणी येत नाही.

शिवाय दोन अडथळ्यांमधील अंतर सुमारे ७८ मीटर असल्याने आणि धावपटू घोळक्यात धावत असल्याने, पावलांची मोजणी ठरवून प्रत्येक वेळी आवडत्या पायानेच उडी घेणे शक्य नसते. ज्यास दोन्ही पायांनी उडी घेता येते तो गती न मोडता अडथळा पार करतो. ज्यास येत नाही त्याला अडथळ्यापूर्वी पावले आखूड करावी लागतात. बर्मिंगहॅम येथे श्री. साबळे यांची वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद होती, आणि सुवर्णपदक मिळविणारे केनियाचे अब्राहम किबिवॉट यांची ८ मिनिटे ११.१५ सेकंद. हे अंतर ०.०५ सेकंदाचे, म्हणजे त्या शर्यतीच्या सरासरी गतीने सुमारे ३० सेंटीमीटरचे होते. ३५ उड्यांत ते विभागले तर प्रत्येक उडीच्या वाट्यास सेकंदाचा केवळ सातशेवा भाग येतो. अशा शर्यतीत कोणत्या पायाने किती नेमकी उडी घेता येते, हा गौण प्रश्न म्हणता येणार नाही.

६. दुखापत आणि गुणोत्तराची फसगत

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील डायमंड लीग शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर पडून श्री. साबळे यांच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली. गुडघ्याच्या आतील पुढचा बंध, ज्यास व्यवहारात एसीएल म्हणतात, तो आणि सांध्यातील कूर्चेची गादी अशा दोहोंना इजा झाल्याने शस्त्रक्रिया करावी लागली. या घटनेचे कारण पायांतील बलभेद होते, असे म्हणण्यास कोणताही आधार नाही; पाण्याचा अडथळा कोणाही धावपटूस दगा देऊ शकतो. परंतु अशा दुखापतीनंतर बलभेदाचा प्रश्न नव्याने आणि अधिक तीव्रतेने उभा राहतो. सांध्यास इजा झाल्यावर मांडीच्या पुढील भागाच्या स्नायूंना मज्जासंस्थेकडून मिळणारी आज्ञाच मंदावते. परिणामी स्नायू अखंड असूनही ते क्षीण होत जातात.

या दुखापतीतून उठलेल्या खेळाडूस मैदानावर परत केव्हा पाठवावे, याचा निर्णय करताना सामान्यतः एक गुणोत्तर वापरतात. जखमी पायाच्या बलास निरोगी पायाच्या बलाने भागून शंभराने गुणतात. उत्तर ९० किंवा अधिक आले तर पाय तयार झाला असे समजतात. या रीतीतील उणीव एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दुखापतीपूर्वी खेळाडूच्या दोन्ही मांड्यांचे बल प्रत्येकी २०० एकक होते असे धरू. काही महिन्यांच्या विश्रांतीत निरोगी पायही कामावाचून क्षीण होऊन १८० एककांवर आला, आणि जखमी पाय १६२ वर पोहोचला. गुणोत्तर १६२ भागिले १८०, म्हणजे ९० टक्के. कसोटी पार झाली. पण जखमी पाय मूळच्या बलाच्या केवळ ८१ टक्क्यांवर आहे, आणि निरोगी म्हटलेला पायही ९० टक्क्यांवरच आहे. दोन पाय परस्परांसारखे झाले, एवढेच या गुणोत्तराने सांगितले; ते पूर्वीसारखे झाले की नाही, हे सांगितले नाही.

वेल्सँड्ट आणि सहकारी यांनी २०१७ मध्ये प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवरून हाच मुद्दा मांडला : दोन पायांच्या गुणोत्तराने गुडघ्याची तयारी आहे त्याहून अधिक दिसते. ग्रिंडेम आणि सहकारी यांच्या २०१६ च्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत खेळात परतणे जितके लांबविले तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका महिन्यागणिक सुमारे निम्म्याने घटत गेल्याचे आढळले. म्हणून काळ, मूळ बल आणि परस्परसाम्य या तिन्ही कसोट्या एकत्र लावणे आवश्यक ठरते. यात मोठी अडचण एकच आहे. दुखापतीपूर्वीची नोंद नसेल तर ‘मूळ बल’ कोठून आणावयाचे?

७. उपाययोजना

सर्व ठिकाणी प्रयोगशाळा उपलब्ध नसते. तथापि तालुक्याच्या मैदानावरही पुढील क्रम पाळता येण्याजोगा आहे.

प्रथम भेदाचे बाह्य कारण शोधावे. एक पाय लांबीने किंचित कमी असणे, जुना मुरगळा, सीट एका बाजूस झुकलेली असणे किंवा बुटाखालची पट्टी दोन पायांस निराळ्या कोनात बसविलेली असणे, यांमुळे बल समान असूनही काम विषम होते. पायडल सर्वांत खाली असता गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा, आणि हे दोन्ही पायांचे तपासावे. कारण सायकलीत असेल तर व्यायामाने ते जाणार नाही.

दुसरे म्हणजे, प्रत्येक पायाची स्वतंत्र नोंद करावी. एका पायावर खुर्चीवरून उठणे, एका पायाच्या चवड्यावर टाच उचलणे आणि एका पायाने पुढे उडी मारणे या तीन चाचण्यांस खुर्ची, फीत आणि वही याखेरीज काही लागत नाही. त्या किमान तीन निरनिराळ्या दिवशी घ्याव्यात. एकाच पायाचे आकडे दिवसागणिक जितके मागेपुढे होतात, त्याहून दोन पायांमधील अंतर मोठे असेल तरच त्यास भेद म्हणावे. अन्यथा तो मोजमापाचा खेळ समजावा.

तिसरे म्हणजे, याच चाचण्या श्रमानंतर पुन्हा घ्याव्यात. सायकलपटूने चढाची फेरी संपविल्यावर आणि धावपटूने शर्यतीच्या गतीचा सराव संपविल्यावर लगेच घेतलेले आकडे विश्रांत अवस्थेतील आकड्यांशेजारी लिहावेत. विश्रांतीत समान असलेले पाय श्रमानंतर समान राहतात काय, हाच खरा प्रश्न आहे.

चौथे, भेद निश्चित झाल्यास व्यायाम एकेका पायाने द्यावा. आरंभ दुबळ्या पायाने करावा, आणि तो जितक्या आवृत्त्या नीट करील तितक्याच बलवान पायाकडून करवाव्यात. आठवड्यातून दोन वेळा, निदान सहा ते आठ आठवडे हा क्रम चालला पाहिजे. बलवान पायाचे काम तोडून साम्य साधू नये. तसे केल्यास वर दाखविलेल्या गुणोत्तराची फसगत आपण होऊन ओढवून घेतल्यासारखे होईल. स्टीपलचेसच्या धावपटूने यासोबतच दोन्ही पायांनी अडथळा घेण्याचा सराव ठेवावा, आणि तो काही अंशी थकल्या पायांनी करावा. कारण शर्यतीचा अखेरचा पाण्याचा अडथळा ताज्या पायांनी कोणासही घेता येत नाही.

८. समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, दोन पायांतील बलभेद हा स्वतः रोग नव्हे आणि उपेक्षणीय बाबही नव्हे. त्याचे महत्त्व खेळावर आणि थकव्यावर अवलंबून आहे. सायकलीवर तो दुसऱ्या पायाच्या आड लपतो आणि सहनशक्ती खर्ची घालतो. स्टीपलचेसमध्ये तो एकट्या पायावर येऊन पडतो. दोन्हीकडे विश्रांत अवस्थेतील एका गुणोत्तरावरून निर्णय करणे धोक्याचे आहे.

बीडसारख्या जिल्ह्यात लष्कर व पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यांवर धावणाऱ्या तरुणांची संख्या मोठी आहे, आणि पुढील धावपटू त्यांतूनच येणार आहेत. त्यांच्या दोन्ही पायांची, विश्रांत आणि थकल्या अवस्थेतील, तारीखवार नोंद शाळा-महाविद्यालयांच्या पातळीवर ठेवणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सहज हाती घेता येईल असे काम आहे. त्यातून संशोधनास सामग्री मिळेलच. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, त्यांपैकी कोणाचा गुडघा उद्या दुखावला तर ‘पूर्वीसारखा’ या शब्दाचा अर्थ सांगणारा एक आकडा त्याच्या वैद्याच्या हाती असेल.